सतरा नंबरच्या पुलाखाली

सुरतेला जाऊन आले म्हटलं की बायका आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघतात. साड्या कुठायत? दहा-बारा दिवस सुरतेत राहून मी आणलं काय, तर एक फ्लॉपी, दोन भरलेल्या वह्या, अर्धा किलो घारी नावाची मिठाई आणि गुडघ्यापर्यंत जांभळा झालेला डावा पाय. साडी एकही नाही. आमच्या सासूबाईंनी मला अजून माफ केलेलं नाही.

मी गेले होते पूल बघायला, आणि तेही वरून नव्हे, खालून. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते, आणि गेली काही वर्षं मला एका गोष्टीचं वेड लागलंय: पूल म्हातारे कसे होतात. पूल काही एका रात्रीत म्हातारा होत नाही. दर वर्षी कुणी साहेब जाऊन त्याला बघतो आणि एक आकडा लिहितो. पाच म्हणजे नवाकोरा, एक म्हणजे धोक्याचा. अशी पंधरा-वीस वर्षांची रजिस्टरं हाती आली, की चारवर असलेला पूल तीनवर घसरण्याची शक्यता दर वर्षी किती, हे मांडता येतं. या पायऱ्यांचं एक कोष्टक तयार होतं, आणि कुठला पूल पुढच्या पाच-दहा वर्षांत कुठे असेल हे ते कोष्टक सांगतं. मग ज्याची तब्येत आधी बिघडणार त्याच्याकडे आधी धावायचं. कागदावर हे इतकं गोड दिसतं की मी वर्गात शिकवताना स्वतःवरच खूश होते.

आमच्या भागात मला सलग पाच वर्षांची रजिस्टरंसुद्धा कुणी दिली नाहीत. एकदा पाण्याने भिजली, एकदा उंदरांनी खाल्ली, एकदा साहेबांची बदली झाली. सुरतेतल्या एका सरकारी कार्यालयाच्या पूल विभागाने मात्र माझ्या पत्राला उत्तर पाठवलं. बावीस वर्षांची रजिस्टरं आहेत, या म्हणाले. मी सुट्टी टाकली आणि निघाले.

उत्तरायण

पोचले ती संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी. उतरले मालूताईकडे. ही माझी मावसबहीण, तिथल्या एका मराठी शाळेत गेली बावीस वर्षं शिकवते. घरात मराठी बोलते खरी, पण वाक्याच्या शेपटीला गुजराती चिकटलेली असते.

"वसू, सकाळी लवकर ऊठ ने! इथे संक्रांत घरात नाही करत, धाब्यावर करतात."

धाबं म्हणजे गच्ची. सकाळी सहाला अख्खी सुरत गच्चीवर होती. आमच्याकडे संक्रांत म्हणजे बायकांचा सण: वाणं, सुगडी, हळदीकुंकू, आणि पुरुष आपले तिळगूळ खाऊन वर्तमानपत्र वाचायला मोकळे. इथे सत्तरीचे आजोबा बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून मांजा ओढत होते आणि शेजारच्या गच्चीवरच्या आपल्याच व्याह्याचा पतंग कापला की "काप्यो छे!" असं ओरडून नाचत होते. दुपारी उंधियू आला. ही आपली भोगीची भाजीच, फक्त तेलात मनसोक्त पोहून आलेली, आणि सोबत बाजरीच्या भाकरीऐवजी जिलबी! मी नाक मुरडलं आणि तीनदा वाढून घेतलं.

प्लेगची साथ येऊन गेल्याला दोनेक वर्षं झाली होती. मालूताई सांगत होती की त्या दिवसांत स्टेशनवर माणसं डब्यांच्या टपावरून पळाली, आणि त्यानंतर शहराने असा काही झाडू हातात घेतला की आता रस्त्यावर कागद टाकायला तिलाच लाज वाटते. खरंच सांगते, रस्ते बघून मला हेवा वाटला. असलंच एक स्वच्छतेचं वेड पुढे माझ्या अंगाशी येणार होतं, हे तेव्हा कुठे माहीत!

सण संपला आणि मी कार्यालयात हजर झाले. पूल विभागाचे प्रमुख देसाईसाहेब, पन्नाशीचे, टापटिपीचे, तोंड दिसेल असे चकाकणारे बूट घालणारे. गुजराती माणूस, पण सगळी नोकरी खान्देशी मजुरांच्या गँगबरोबर काढल्याने मराठी बोलत.

"वसुधाबेन, बात सीधी आहे," चहा येण्याआधीच ते म्हणाले. "खाडीवरचे माझे पूल तेवीस. पावसाळ्याआधी त्यातला एकच मला बंद ठेवून नीट दुरुस्त करता येतो. दोन बंद केले तर उधन्याच्या यंत्रमागांचे सगळे टेंपो माझ्या घरात येतील. आजपर्यंत ज्याच्यासाठी बूम जास्त, तो पूल पहिला. यंदा मला तसं नाही करायचं. पुढच्या शुक्रवारी तुम्ही यादी द्या. यादीत जो पहिला, तो मी घेणार. बाकीचे आवता वर्षे."

बूम म्हणजे बोंब, आणि आवता वर्षे म्हणजे पुढच्या वर्षी. माझ्या कोष्टकावर आजवर परीक्षेतले मार्क अवलंबून होते, बाकी काही नाही. पहिल्यांदाच कुणी त्यावर खरा पूल ठेवत होतं. मी मान डोलावली आणि वही उघडली.

कार्यालयात एकच कॉम्प्युटर होता, त्याला स्वतंत्र थंड खोली आणि फुलाफुलांचं कव्हर. आत जायचं तर चपला दाराबाहेर. मी चार दिवस त्या खोलीत अनवाणी, शाल पांघरून बसले आणि बावीस वर्षांचे आकडे आत घातले. रजिस्टरं सुरेख होती. गुजराती अक्षर गोल, खाडाखोड नाही. फक्त एक गोष्ट डोळ्यात खुपत होती. काही पूल चारवरून तीनवर आले होते आणि पुढच्याच वर्षी परत चारवर गेले होते. दुरुस्तीची नोंद कुठेच नाही. म्हातारं झालेलं माणूस कधी परत तरुण होतं का? मी या सगळ्या नोंदी कारकुनाच्या चुका ठरवल्या आणि लाल पेनाने उडवल्या. एकूण चौदा होत्या. आकडे स्वच्छ झाले म्हणजे अर्धं काम झालं, असं मी मुलांना सांगते, तेच स्वतःलाही सांगितलं.

यादी तयार झाली. पहिला आला नऊ नंबर. त्याचं वयही जास्त होतं आणि आकडेही पडते होते. मला समाधान वाटलं.

बारडोलीचा रस्ता

यादी हातात आहे तर एक दिवस बाहेर फिरून या, असं देसाईसाहेबांनी सुचवलं. बारडोलीच्या रस्त्यावर कालव्यांचे पूल आहेत, उसाच्या गाड्यांखाली ते कसे टिकतात तेही बघाल. जीप दिली आणि सोबत दिले गँगचे मुकादम, सुपडूआबा.

सुपडूआबा म्हणजे निवृत्तीला एक वर्ष राहिलेला, सडसडीत, धुळ्याकडचा माणूस. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात सरकारी खाकी शर्ट, कमरेला लहान हातोडी. जीप जिथे थांबेल तिथे ते कठड्यावर दोन टोले मारत, कान लावत, आणि पुढे जात. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसं. बारा वाजेपर्यंत आमच्यात दहा वाक्यंसुद्धा झाली नाहीत, आणि गप्प माणसाशेजारी बसलं की माझ्या तोंडाला चैन पडत नाही, म्हणून मी एकटीच बोलत राहिले. सांगलीची माणूस मी, ऊस मला नवा नाही. पण इथली शेतं कशी आखून दिल्यासारखी, कारखाना सहकारी आणि आवार तर आमच्याकडच्या मंगल कार्यालयापेक्षा झाडलेलं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर ऊस इतका, की पूल दिसायचा बंद व्हायचा.

"हे एवढं वजन घेतो पूल?" मी विचारलं.

"घेस ना," आबा म्हणाले. "पूल बोलत नही, घेस. म्हनीसन तर त्याले इचारनं पडस."

त्याला विचारावं लागतं म्हणे. मला वाटलं, हातोडीबद्दल बोलतायत.

वाटेत एका शेताच्या बांधावर पोंक मिळाला. पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडाच. पण आमच्याकडे हुरडा तळहातावर चोळायचा, फुंकायचा आणि चटणीबरोबर तोंडात टाकायचा. इथे तो लिंबाच्या बारीक शेवेत मिसळून, वर खडीसाखरेसारखे साखरेचे दाणे घालून, कागदाच्या पुडीत देतात. शुद्ध भ्रष्टाचार! दुसरी पुडी मीच मागितली. आबांनी पहिल्यांदा हसून बघितलं.

परतताना उधन्याच्या अलीकडे खाडी लागली. यादीतले तेवीस पूल मी कागदावर पाठ केले होते, पण प्रत्यक्ष मोजकेच बघितले होते. हा सतरा नंबर. माझ्या यादीत एकोणिसावा. अकरा वर्षं सलग चार. तब्येतीने ठणठणीत. मी जीप थांबवायला सांगितली. आबा म्हणाले, आता नको, भरती उतरतेय, खाली गाळ आहे. मी कुणाचं ऐकणार? उतरले.

खाडीचं पाणी जांभळं होतं. वरच्या अंगाला कापड रंगवणारे कारखाने, त्यांचं सगळं धुणं इथे येतं. गाळात माझा डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला, आणि बाहेर आला तो चपलेशिवाय. चप्पल त्या खाडीत अजून असेल. आबांनी हात देऊन मला पुलाखालच्या फरशीवर ओढलं आणि शांतपणे म्हणाले, "आज जांभळा से. काल हिरवा व्हता."

वर पाहिलं तर पुलाचं पोट पांढरंशुभ्र! तुळया, त्यांच्यावरचा स्लॅब, सगळ्याला नुकताच चुना मारलेला. आमच्याकडे पुलाखाली बघवत नाही. वटवाघळं, कोळ्यांची जाळी आणि लोकांनी लिहिलेली स्वतःची नावं. मी एका पायावर उभी राहून भरभरून कौतुक केलं. "काय ठेवलाय हो पूल! चार कसला, मी तर साडेचार देईन."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, "व्हय," म्हणाले, आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, बिचारे लाजले.

उधन्याचं जेवण

त्या पायाने मी जीपमध्ये बसणं शक्य नव्हतं. आबांचं घर पूल ओलांडून पाच मिनिटांवर. मी अनवाणी, अर्धी जांभळी, त्यांच्या मागून गेले. मागांचा खडखडाट घराच्या भिंतींतूनही येत होता. एका गल्लीत दोन्ही बाजूंना माग, वरच्या माळ्यावर राहणारी माणसं, सगळी धुळे-जळगाव-नंदुरबारची. बोलताना सगळे वरच्या पट्टीत, कारण मागांवर आवाज चढवायची सवय घरी आल्यावरही उतरत नाही. आबांचे दोन्ही मुलगे मागांवर. एक कामाला गेलेला, दुसरा पाळी संपवून भिंतीकडे तोंड करून झोपलेला. त्या आवाजात तो घोरतही होता.

आबांच्या बायकोने, लीलाबाईंनी, माझा पाय दगडाने, मग रॉकेलने, मग साबणाने घासला. पाय जांभळाच राहिला. मग त्यांनी नाद सोडला आणि ताट वाढलं. हिरव्या वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि खरडा. सुरतेत एवढं गोडगोड खाऊन माझी जीभ माहेरची वाट बघत होती, ती त्या ताटावर तुटून पडली. दुसरी भाकरी मोडताना मी परत पुलाचं कौतुक सुरू केलं. काय स्वच्छ, काय पांढरा!

लीलाबाईंनी हसून आबांकडे बोट केलं. "चुना मारा म्हंजे बठ्ठा पूल सारखाच दिसस, बाई. यास्ले इचारा, पूलखाले छिन्नी कसाले मारतस ते."

चुना मारला की सगळे पूल सारखेच, हे कळलं, पण छिन्नी कसली? "गप ना," आबा म्हणाले.

"काब्र गप? दरसाल आखाजीले गावले जावाना आदल्या दिन मी घरमा बांधाबांध करी करी मरस, आनि ह्या पूलखाले जाई बसतस!"

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, खान्देशी माणसाचा सगळ्यात मोठा सण. सगळी गल्ली त्या दिवसांत गावी जाते. मी आबांकडे बघत राहिले. त्यांनी ताटातला घास खाली ठेवला.

"तडा से एक," ते म्हणाले. "तुळईले. कितला वाढना ते समजाले खून करस. दरसाल एक." खून म्हणजे खूण, छिन्नीने केलेली.

"किती वर्षं?"

"अकरा."

माझ्या कोष्टकातली सतरा नंबरची अकरा वर्षं. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगं ना. एक साहेबले सांगं व्हतं, पहिलेच. त्या बोलनात, रजिस्टरमा पूल चांगला से. मंग मी काय बोलसू?"

"पण मग चुना का मारता त्याच्यावर?"

हा प्रश्न ऐकून मात्र आबा आणि लीलाबाई दोघंही माझ्याकडे असं बघायला लागले, की मी काही वेडंवाकडं बोलले असावे.

"साहेब येस," आबा सावकाश समजावून सांगू लागले. "दर जानेवारीले पूल दखाले येस. पाव्हना येस तवय घर झाडतस, सारवतस का नही? आम्ही पूल सारवतस."

अठ्ठावीस वर्षांपूर्वी आबा नोकरीला लागले, तेव्हा पाहणीला आलेल्या एका साहेबाच्या तोंडावर पुलाखालचं जाळं आलं आणि साहेब गँगवर तडकला. त्या वर्षापासून पाहणीच्या आधी आठ दिवस गँग झाडू, बांबू आणि चुन्याच्या बादल्या घेऊन तेवीसही पुलांखाली उतरते. कुणी हुकूम दिला नव्हता. हळूहळू ती गँगची शान झाली. साहेब यायचा, पांढरं पोट बघायचा, चार लिहायचा, जायचा.

"आणि मधूनच कुठल्या वर्षी तीन लिहिलेत, ते?" माझा आवाज मलाच बारीक ऐकू आला.

आबांनी थोडा विचार केला. "त्या साली चुना टाइमवर आयेल नसेल."

म्हणजे मी लाल पेनाने उडवलेल्या चौदा नोंदी, तेवढ्याच काय त्या खऱ्या होत्या. बाकी सगळ्या बावीस वर्षांत मी पुलांचं वय मोजलंच नव्हतं. मी चुन्याचं वय मोजत होते! लाज वाटली, खूप वाटली. लीलाबाईंनी मला बरं वाटत नाहीसं समजून ताटात आणखी भरीत वाढलं, आणि ते मी खाल्लं, हेही कबूल करते.

ओहोटी

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी गाठून आम्ही परत सतरा नंबरखाली उतरलो. मालूताईचे कॅनव्हासचे बूट माझ्या पायात, आबांच्या हातात बादली आणि तारेचा ब्रश. त्यांनी दुसऱ्या तुळईच्या टेकूजवळचा चुना भिजवला आणि घासायला सुरुवात केली. पाच मिनिटांत तडा दिसू लागला. टेकूपासून तिरका वर जाणारा, कडेला गंजाची तांबूस ओल. आणि त्यावर आडव्या बारीक खुणा. छिन्नीचा एकेक हलका टोला. जिथे त्या वर्षी तडा संपत होता, तिथे ती खूण.

मी बोटांनी मोजलं. पहिल्या पाच खुणा एकेका बोटाच्या अंतरावर. पुढच्या दोन-दोन, तीन-तीन बोटांवर. शेवटच्या तीन खुणांमध्ये माझी वीत बसत होती. तडा नुसता वाढत नव्हता, दर वर्षी आदल्या वर्षीपेक्षा जोराने वाढत होता. अशा आकड्यांसाठी मी सहा वर्षं पत्रं लिहीत होते, कार्यालयांच्या पायऱ्या झिजवत होते, आणि ते आकडे एका मुकादमाने सणाच्या आदल्या दिवशी न चुकता, कुणी मागितलेले नसताना, इथे लिहून ठेवले होते. मला एवढा आनंद झाला की मी आबांना वाकून नमस्कारच करणार होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि थांबले.

"आम्ही काही दपाडं नही, ताई," ते म्हणाले.

लपवलं नाही म्हणत होते. रात्रभर त्यांच्या मनात तेच चाललं असणार. साहेबांपुढे हे गेलं की पहिला प्रश्न येणार: चुना मारून मुकादमाने तडा झाकला का? निवृत्तीला एक वर्ष, आणि गँगमधली आठ माणसं.

"तुम्हाला नको असेल तर तुमचं नाव घेत नाही," मी म्हटलं, आणि म्हणतानाच कळलं की नाव न घेता माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. कागदावर पूल चांगला होता.

आबा बराच वेळ ब्रशाचे केस साफ करत राहिले. वरून पाळी बदललेली माणसं जात होती, शेकड्यांनी, डबे हलवत.

"मन्हा दोन्ही पोऱ्या याच पूलवरतून जातस," ते शेवटी म्हणाले. "सांगा तुम्ही. नाव सांगा."

शुक्रवार

त्या शुक्रवारी मी यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "ही फाडा."

देसाईसाहेबांना आधी चेष्टा वाटली. मग मी सगळं सांगितलं. माझ्या चौदा लाल रेघांपासून सुरुवात केली, कारण पहिली चूक माझी होती. चुन्यापाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला.

"एटले इतकी वर्षं मला रंगवून दाखवत होते? मी पूल बघायला जातो का लग्नाचा मांडव?"

सुपडूआबा दाराशी उभे होते, टोपी हातात. त्यांनी मान खाली घातली.

"साहेब," मी म्हटलं, आणि माझा आवाज जरा चढलाच, "ज्याला झाकायचं असतं तो अकरा वर्षं खुणा करत बसतो का? यांनी सांगितलं होतं. रजिस्टरने त्यांना गप्प केलं. आणि रजिस्टर वाचून मीही परवा त्याच पुलाखाली उभी राहून साडेचार मार्क दिले."

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. त्यांनी सतरा नंबरचं पान काढलं. अकरा ओळी, प्रत्येकीत चार. शेवटच्या चार ओळींखाली त्यांचीच सही होती. त्यांनी चारही सह्यांवरून बोट फिरवलं आणि चष्मा पुसला.

"गाडी काढा," ते म्हणाले.

ते चकाकणारे बूट त्यांनी जीपमध्ये काढून ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गाळात उतरले. पाणी त्या दिवशी शेंदरी होतं. आबांनी बॅटरी धरली. साहेब एकेका खुणेला हात लावत वर गेले, आणि शेवटच्या खुणेपाशी पोचले तेव्हा तडा तिच्याही चार बोटं पुढे गेलेला दिसला. तेवढ्यात वरून कापडाच्या गाठी भरलेला टेंपो गेला. तुळई हलल्याचं मला काही दिसलं नाही, पण तड्यातून चिमूटभर चुना सुटला आणि साहेबांच्या चष्म्यावर पडला. ते तसेच उभे राहिले.

"आ पहेलो," ते म्हणाले. मग मराठीत, आबांकडे वळून, "हाच पहिला. टेंपो आजपासून बंद. माणसं आणि सायकली फक्त."

आबांनी एक हात तुळईवर टेकवला. मी मात्र रडले. का विचाराल तर सांगता येणार नाही. मला इतकं हलकं वाटलं होतं.

वर आल्यावर साहेबांनी हुकूम सोडला की यापुढे पाहणीआधी कुठल्याही पुलाला चुना लागणार नाही. यावर आबांनी सगळ्या दिवसात पहिल्यांदा वाद घातला. तुम्ही याल आणि आम्ही घर मळकं ठेवायचं? बरं दिसतं का ते? लोक गँगला काय म्हणतील? रस्त्याच्या कडेला, चिखलाच्या पायांनी, दोघांची पाचेक मिनिटं झकाझकी झाली. शेवटी ठरलं ते असं: आधी पाहणी, मग चुना. पण जाळी मात्र आधीच काढायची. आबा त्यापुढे हटेनात.

पुढचं सांगून टाकते. मे महिन्यात मालूताईचं पत्र आलं: पूल बंद आहे, तुळईखाली लोखंडी आधार लागले आहेत, शाळेच्या शिपाईबाईंना लांबून वळसा पडतो आणि त्या मला शिव्या देतात. मला त्या शिव्या फार गोड लागल्या. माझं कोष्टक मी नव्याने मांडलं आहे. उडवलेल्या चौदा नोंदी परत घेतल्या, आणि बाकीच्यांपुढे पाहणी चुन्याआधी की नंतर हे लिहायला लावलं. आता त्यातून जे निघतं ते दिसायला तितकं सुबक नाही, पण पूल त्यात म्हातारे होतात.

त्या शुक्रवारी खाडीवरून आम्ही परत कार्यालयात आलो तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती. देसाईसाहेबांनी नवं रजिस्टर मागवलं, पट्टी घेतली आणि आपल्या सहीच्या रकान्याच्या डावीकडे उभी रेघ मारून एक नवा रकाना पाडला. त्याच्या डोक्यावर गुजरातीत लिहिलं: पुलाखाली कोण उतरलं. सतरा नंबरपुढे स्वतःच्या हाताने दोन लिहिलं आणि रजिस्टर आबांकडे फिरवलं.

"सुपडूभाई, सही."

अठ्ठावीस वर्षांत आबांचं नाव फक्त हजेरीपटावर आलं होतं, तेही दुसऱ्या कुणी लिहिलेलं. त्यांनी हात शर्टाला पुसले, पुन्हा पुसले, पेन घट्ट धरलं आणि लिहू लागले. सुपडू नथू माळी. मला वाटलं, झालं. पण ते थांबले नाहीत. पुढे गावाचं नाव आलं, मग तालुका, मग जिल्हा धुळे. रकाना तालुक्यापाशीच संपला होता. धुळे साहेबांच्या जागेत गेलं. मी सांगायला पुढे झाले, तर साहेबांनी हाताने मला थांबवलं. सगळी अक्षरं लिहून झाल्यावर आबांनी वरून एकच लांब शिरोरेघ ओढली, ती दोन्ही रकाने ओलांडून पानाच्या कडेपर्यंत गेली.

साहेबांनी रजिस्टर आपल्याकडे वळवलं, जागा शोधली, आणि धुळ्याच्या खाली उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत, बारीक अक्षरात, आपली सही केली.